दिवा काढून पंखा लावताना: किनाऱ्यावरच्या घरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी देवगड-मालवण पट्ट्यात घरगुती वायरिंगची कामं करतो. वर्षातून दोनदा एकाच तऱ्हेचे फोन येतात. एप्रिलमध्ये, उकाड्याने रात्री डोळ्याला डोळा लागेनासा होतो तेव्हा, आणि गणपतीच्या आधी, मुंबईची माणसं घरी यायची असतात तेव्हा. मधल्या खोलीत छताला फक्त दिवा आहे, तो काढून तिथे पंखा टांगायचा आहे, काय काय बघू? खालचे प्रश्न त्या फोनांवरचेच आहेत. खारा वारा, जांभ्याच्या भिंती, कौलं आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे इथलं काम घाटावरच्या कामापेक्षा वेगळं होतं, म्हणून उत्तरं इथल्या घरांना धरूनच दिली आहेत.

दिव्याची वायर पंख्याला चालते असं दुकानदार म्हणाला. मग अडचण काय?

वायरपुरतं त्याचं म्हणणं खरं आहे. १२०० मिमीचा साधा पंखा ७० ते ८० वॅट घेतो, म्हणजे २३० व्होल्टवर साधारण एक तृतीयांश अँपिअर. पूर्वी त्याच होल्डरमध्ये शंभरचा बल्ब जळायचा, तो याहून जास्त करंट ओढायचा.

अडचण वजनाची आहे. जुना बॅटन होल्डर (बल्ब अडकवायचं छतावरचं भांडं) किंवा सिलिंग रोझ (जिथून वायर खाली लोंबते ती छतावरची गोल डबी) एका गोल लाकडी ठोकळ्यावर असतो आणि तो ठोकळा दोन स्क्रूंवर छताला धरलेला असतो. बल्ब पन्नास ग्रॅमही भरत नाही, त्यामुळे तेवढ्यावर त्याची चाळीस वर्षं निघतात. पंखा चार ते सहा किलोचा. शिवाय तो नुसता लोंबत नाही, मिनिटाला तीनशेच्या वर फेरे घेतो, तेही दिवसाचे बारा-पंधरा तास. पात्यांचा तोल किंचित जरी बिघडलेला असला तरी दर फेऱ्याला वरच्या आधाराला हिसका बसतो. दिव्याचा ठोकळा अशा हिसक्यांसाठी बसवलेलाच नसतो. म्हणून मी प्रत्येकाला आधी छताकडे बघायला सांगतो, वायरकडे नंतर.

छताला हूक आधीपासून आहे. "हूक धरतलो मा?" म्हणजे हूक वजन धरेल ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि फोनवर याचं उत्तर मी कधीच देत नाही. हूक हाताने बघावा लागतो.

समुद्रापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत किंवा खाडीकाठी घर असेल, तर उघड्या लोखंडावर वाऱ्यातलं मीठ सतत बसत राहतं. मीठ हवेतला ओलावा ओढून धरतं, त्यामुळे लोखंड उन्हाळ्यातही पुरतं कोरडं होत नाही आणि आतून खाल्लं जातं. घराला दर दोन-तीन वर्षांनी रंग देतात तेव्हा हुकावरूनही ब्रश फिरतो. वरून हूक पांढराशुभ्र, आत काय आहे ते दिसत नाही. एका घरी असाच गुळगुळीत रंगवलेला हूक मी पकडीने धरून पिळला, तर खवल्यांसारखे पापुद्रे निघाले आणि मधे राहिली ती पेन्सिलीपेक्षा बारीक काडी. त्या घरातल्या आजी रोज दुपारी बरोबर त्या जागेखाली चटई टाकून निजायच्या. तेव्हापासून रंग खरवडल्याशिवाय मी कोणत्याही हुकाला हो म्हणत नाही.

तर रंग पूर्ण खरवडा, तारेच्या ब्रशने हूक घासा. पंख्याचा हूक सहसा १० किंवा १२ मिमीच्या सळईचा असतो. वाकाच्या आतल्या बाजूला, म्हणजे जिथे पंख्याचा रबर बुश टेकतो तिथे, झीज सगळ्यात जास्त असते. तिथे जाडी उरलेल्या भागापेक्षा डोळ्यांना कमी दिसत असेल तर तो हूक बाद समजा. मग हूक जिथे स्लॅबमध्ये शिरतो तिथे बघा. तांबूस डाग, पोपडे किंवा भोवती गोल भेग दिसली तर आतली सळई गंजून फुगली आहे. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, ती जागा करताना तो काँक्रीट फोडतो. खारी रेती वापरून घातलेल्या जुन्या स्लॅबांत हे नेहमी दिसतं. अशा ठिकाणी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. पोकळ आवाज आला तर पंख्याचा विचार थांबवून आधी स्लॅबचं काम करा.

हूक डोळ्यांना चांगला वाटला तरी मी तीसेक किलो वाळूची गोण त्याला रात्रभर टांगून ठेवतो. गोण जमिनीपासून वीतभरच वर ठेवायची, खाली कोणी जायचं नाही, मुलांना त्या खोलीत सोडायचं नाही. सकाळी हूक जागचा हलला नसेल, भोवती नवी भेग नसेल, तर त्यावर रेड ऑक्साइडचे (गंज रोखणाऱ्या तांबड्या रंगाचे) दोन हात मारायचे आणि पंखा चढवायचा.

स्लॅब आहे, पण हूक नाही. ड्रिल मारून लावता येईल का?

स्लॅब घट्ट आणि कोरडा असेल तर येईल. अँकर फास्टनरवर (काँक्रीटच्या भोकात फुगून पकड घेणाऱ्या बोल्टवर) बसणारी हुकाची पट्टी मिळते, दोन किंवा चार बोल्टची. एकाच बोल्टवर फिरकणारा हूक मी लावत नाही. पंख्याच्या फिरण्याने तो उलगडत येऊ शकतो. भोकं फास्टनरवर लिहिलेल्या मापाचीच पाडा आणि त्यातली धूळ फुंकून काढा, नाहीतर फास्टनर आत पकड घेत नाही. समुद्राजवळ बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्या. थोडे महाग पडतात, पण गंजलेला बोल्ट छतातून काढण्याचा त्रास ज्याने घेतला आहे तो पुन्हा साधे घेत नाही. प्लास्टिकची किंवा लाकडी गिट्टी ठोकून त्यात स्क्रू फिरवून पंखा टांगणं अजिबात नको. ती गिट्टी भिंतीवरच्या फोटोसाठी असते.

ड्रिल मारण्याआधी स्लॅबमधून वायरचा पाइप कुठून जातो याचा अंदाज घ्या. दिव्याचा पॉइंट आणि भिंतीवरचा बोर्ड यांना जोडणारी सरळ रेघ मनात धरा आणि ती टाळा.

आमचं घर कौलारू आहे. दिवा वाशाला लावलेला आहे. पंखा तिथेच टांगू का?

वाशाला नाही, रिपेला (कौलांखालच्या बारीक आडव्या पट्टीला) तर नाहीच. वासा कौलांचं वजन उतरत्या दिशेने भिंतीवर नेण्यासाठी असतो. मधोमध खाली ओढणाऱ्या आणि हादरणाऱ्या वजनासाठी तो नसतो. माडाचे किंवा पोफळीचे वासे असतील तर आतून भुसा झालेला बाहेरून कळतही नाही. पंखा टांगायचा तो तुळईला, म्हणजे भिंतींवर टेकलेल्या जाड आडव्या लाकडाला. तुळई नसेल तर दोन भिंतींवर किंवा दोन तुळयांवर टेकणारा आडवा लोखंडी पाइप किंवा अँगल टाकून त्याला.

तुळई कोणत्या लाकडाची आहे ते घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. साग, फणस, आईन, किंजळ ही आपल्याकडची नेहमीची लाकडं, आणि धडधाकट असतील तर पंख्याचं वजन त्यांना काहीच नाही. प्रश्न वाळवीचा आणि ओलाव्याचा. तुळईची टोकं भिंतीत जिथे शिरतात तिथे ओल धरते, वाळवी बहुतेक वेळा तिथून चढते. टोकदार स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. टोक सहज आत गेलं, किंवा ठोकल्यावर ठणठणीत आवाज न येता भदभद आला, तर सुतार येऊन बघेपर्यंत थांबा.

तुळईला भोक पाडून आकडा फिरवण्यापेक्षा तिला चारही बाजूंनी कवळणारा लोखंडी क्लॅम्प करून घ्या. गावातला वेल्डिंगवाला माप घेऊन तासाभरात करून देतो. क्लॅम्पच्या खालच्या पट्टीला हूक, वर नट-बोल्ट, आणि सगळ्याला रेड ऑक्साइड. लाकूड पावसात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं, त्यामुळे पहिल्या उन्हाळ्यानंतर ते नट एकदा पुन्हा आवळावे लागतात.

उतरत्या छताखाली पात्यांची टोकं उताराकडे किती जातात ते मोजा. टोकापासून वाशापर्यंत फूटभर तरी मोकळं हवं, त्यासाठी लांब दांडी घ्यावी लागते. माळ्यावरून वायर नेत असाल तर ती पीव्हीसी पाइपातूनच न्या. भात, नारळ, सोलं ठेवलेल्या माळ्यावर उंदीर असणारच, आणि उंदराला वायरचं आवरण कुरतडायला फार वेळ लागत नाही. २०२० च्या निसर्ग वादळात दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे कितीतरी घरांची छपरं गेली आणि नंतर ती घाईने पत्र्याची केली गेली. पत्र्याच्या छपराखाली लोखंडी पाइपच्या सांगाड्याला पंखा टांगलेला असेल तर अर्थिंग नसताना तो कधीही चालवू नका. पंख्यात गळती झाली तर अख्खा सांगाडा आणि वरचे पत्रे, सगळ्यांत करंट उतरू शकतो.

पीओपी किंवा पीव्हीसी पॅनलचं छत केलं आहे. त्यावर चालेल?

त्या छताला पंख्याचा भार द्यायचाच नाही. पॅनल कापून वरच्या खऱ्या स्लॅबपर्यंत किंवा तुळईपर्यंत जा, तिथून लांब दांडी खाली घ्या.

खोलीची उंची किती हवी?

पाती जमिनीपासून किमान आठ फुटांवर, म्हणजे २.४ मीटरवर हवीत आणि छतापासून फूटभर खाली. त्याहून वर चिकटवली तर पंख्याला वरून हवा ओढता येत नाही, तो नुसता फिरतो. दोन्हींची बेरीज धरली तर नऊ फूट आणि थोडं वर छत लागतं. आपल्याकडची जुनी माजघरं माळ्याखाली साडेसात-आठ फुटांचीच असतात. तिथे छताचा पंखा लावू नका. घोड्यावर (उंच लाकडी स्टुलावर) चढलेल्या माणसाचा किंवा खांद्यावर घेतलेल्या मुलाचा हात सहज पात्यात जातो. भिंतीवरचा पंखा तिथे जास्त उपयोगी पडतो. जांभा चिरा सच्छिद्र असतो, त्यात छोटा स्क्रू टिकत नाही, त्यामुळे भिंतीच्या पंख्यासाठी लांब गिट्टी सिमेंटमध्ये बसवून एक दिवस सुकू द्या.

दहा बाय दहा ते बारा बाय बारा खोलीला १२०० मिमी, लहान खोलीला किंवा स्वयंपाकघराला ९०० मिमी पुरतो.

मेन स्विच बंद केला की हात लावायला हरकत नाही ना?

इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, म्हणून जरा लांब सांगतो.

पावसाळ्यात आपल्याकडे लाइट वारंवार जाते, त्यामुळे आता पुष्कळ घरांत इन्व्हर्टर आहे. इन्व्हर्टरवर घेतलेले पॉइंट कोणते असतात? दिवे आणि पंखे. म्हणजे तुम्ही जो दिवा काढणार तो बहुधा त्याच लाइनवर आहे. मेन बंद केल्याबरोबर इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तो तत्काळ बॅटरीवरून त्याच वायरला २३० व्होल्ट द्यायला लागतो. प्लग उपटला तरी तेच होतं. नुसता इन्व्हर्टर बंद करूनही भागत नाही, कारण पुष्कळ इन्व्हर्टरांत बटण बंद असलं तरी महावितरणची लाइट त्यातून पुढे जातच राहते. दोन्ही बंद हवेत: इन्व्हर्टरचं बटण आणि मेन.

दुसरी गोष्ट जुन्या वायरिंगची. स्विच फेजच्या, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरमध्ये असायला हवा, पण कितीतरी जुन्या घरांत तो न्यूट्रलमध्ये, म्हणजे परतीच्या वायरमध्ये टाकलेला सापडतो. तिथे स्विच बंद केल्यावर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये फेज तसाच जिवंत असतो. वादळानंतर खांबावरून येणारी सर्व्हिस वायर पुन्हा जोडताना फेज-न्यूट्रलची अदलाबदल झालेलीही मी पाहिली आहे. अशा घरात एका वायरचा किटकॅट फ्यूज (हाताने उपटून काढता येणारा चिनी मातीचा जुना फ्यूज) काढला तर तो न्यूट्रलचा निघतो. म्हणून जुन्या बोर्डावर दोन्ही वायर एकदम तोडणारा मेन स्विच खाली करा, किटकॅट असतील तर दोन्ही काढा आणि ते स्वतःच्या खिशात ठेवा. बोर्डावर कागद चिकटवा: काम चालू आहे, हात लावू नका. घरात पाहुणे असतील तर एका माणसाला तिथे उभंच करा.

आत्ता लाइट गेलीच आहे. तेवढ्यात काम उरकून घेऊ का?

नको. ती परत कधी येईल ते कोणाच्याच हातात नाही. लाइट असताना, स्वतःच्या हाताने बंद करून, बंद झाल्याची खात्री करूनच काम करा. आकाशात गडगडाट असेल तेव्हाही नको.

टेस्टर पेटला नाही, म्हणजे करंट नाही असं समजायचं?

एकट्या टेस्टरवर जीव टाकू नका. कोरड्या लाकडी घोड्यावर उभं राहिलं की टेस्टरचा दिवा इतका मंद पेटतो की दुपारच्या उजेडात दिसत नाही. आधी चालू पॉइंटवर टेस्टर पेटतो का बघा, मग जिथे काम करायचं तिथे दोन्ही वायरी तपासा, मग पुन्हा चालू पॉइंटवर. त्यासाठी मेन बंद करण्याआधी टेस्टरची पहिली तपासणी करून घ्यावी लागते आणि शेवटची नंतर शेजारच्या घरात किंवा मीटरच्या येणाऱ्या बाजूला, तीही वायरमननेच. घरात मल्टिमीटर असेल तर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ तिन्ही जोड्या मोजा. सगळीकडे शून्य हवा.

दिव्याला दोनच वायर आहेत. पंख्याला अर्थिंग लागतंच का?

दिव्याच्या प्लास्टिकच्या होल्डरला तिसरी वायर लागत नव्हती, म्हणून ती टाकलेली नसते. पंखा धातूचा आहे. मोटरच्या आत वाइंडिंगचं आवरण गेलं तर अंगात करंट उतरतो, आणि पुढच्या वेळी जाळं काढायला जो ओला फडका घेऊन चढेल त्याला तो लागतो. हिरवी वायर बोर्डापासून नवी ओढून घ्या.

फक्त बोर्डावर अर्थचा स्क्रू आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नाही. जांभ्याच्या कातळावर अर्थिंगचा खोल खड्डा खणणं कठीण, म्हणून पुष्कळ ठिकाणी तो हातभरच असतो. पावसाळ्यात माती ओली असते तेव्हा चालून जातं. एप्रिल-मेमध्ये, म्हणजे पंखा सगळ्यात जास्त चालतो तेव्हा, माती कोरडी पडते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. उन्हाळ्यात खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी घाला. त्याबरोबर मेनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या. एमसीबी (जास्त करंट झाला की पडणारा स्विच) वायरला वाचवतो, माणसाला वाचवायला आरसीसीबी लागतो. पंख्याच्या खर्चात हा खर्च माझ्या मते सगळ्यांत आधी धरावा.

होल्डर उघडला तर वायरचं आवरण हातात तुटून येतंय.

मेन बंदच ठेवा आणि तिथेच थांबा. लाकडी पट्टीवरच्या जुन्या वायरिंगमध्ये रबराचं आवरण असायचं. ते वर्षानुवर्षांच्या उष्णतेने बिस्किटासारखं होतं. त्यावर टेप गुंडाळून पंखा जोडला तर पंख्याच्या हादऱ्याने पुढचं आवरण गळत जातं. बोर्डापर्यंत नवी तांब्याची वायर ओढणं हाच उपाय.

जुनी वायर ॲल्युमिनियमची असेल तर तिला तांब्याची वायर पिळून जोडू नका. दोन वेगळे धातू खाऱ्या ओलाव्यात एकत्र आले की सांधा खाल्ला जातो, तापतो, जळतो. टर्मिनलवर हिरवट-पांढरी भुकटी दिसली तर टोक कापून नवीन सोला. होल्डर उघडताना सांभाळून. आत पालीची अंडी, कुंभारणीचं मातीचं घर, मुंग्या असं काहीही निघतं, आणि दचकून घोड्यावरून पडणाऱ्यांचा मार शॉकपेक्षा कमी नसतो.

बीएलडीसी पंखा घेऊ की साधा?

बीएलडीसी पंखा, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा, पूर्ण वेगावर २८ ते ३५ वॅट घेतो. साध्याच्या निम्म्याहून कमी. रोज बारा तास चालवला तर महिन्याला पंधरा-सोळा युनिट वाचतात, आणि पावसाळ्यात इन्व्हर्टरची बॅटरी जास्त वेळ पुरते. संध्याकाळी व्होल्टेज पडतं अशा वाड्यांत साधा पंखा रडत फिरतो, बीएलडीसीचा वेग बराचसा टिकतो. एवढ्या कारणांसाठी मी तो सुचवतो. मात्र त्याच्या आत इलेक्ट्रॉनिक कार्ड असतं, आणि मे महिन्यातल्या व ऑक्टोबरमधल्या विजांच्या वेळी ते जाऊ शकतं. वीज कडकडायला लागली की स्विच बंद करायची सवय ठेवा. या पंख्याला भिंतीवरचा रेग्युलेटर जोडायचा नाही. जुना असेल तर तो मधून काढून वायर सरळ करा.

साध्या पंख्याला रेग्युलेटर लागतो आणि तो स्विचच्या पुढे फेजच्या वायरमध्येच बसतो. दिव्यासाठी लावलेला डिमर पंख्याला वापरू नका.

१ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर स्टार लेबल सक्तीचं आहे. आयएसआय चिन्हाबरोबर तेही बघून घ्या. किनाऱ्यावर लोखंडी पात्यांपेक्षा ॲल्युमिनियमची पाती टिकतात.

प्रत्यक्ष चढवताना कशाचा क्रम चुकतो?

दोन माणसं हवीत. एकाने पंखा पेलायचा, दुसऱ्याने बोल्ट घालायचा. लाकडी घोडा किंवा लाकडी शिडी घ्या; प्लास्टिकची खुर्ची, त्यावर पाट, असले मनोरे नकोत. ॲल्युमिनियमची शिडीही नको.

दांडी मोटरमध्ये बसवण्याआधी दोन्ही वाट्या (दांडीच्या टोकांचे सांधे झाकणारी झाकणं), खालची आणि वरची, दांडीत ओवून घ्या. या विसरल्या की सगळं पुन्हा उतरवावं लागतं. दांडीचा बोल्ट मोटरच्या मानेतून आरपार, त्याला नट, आणि नटाच्या पुढच्या भोकात स्प्लिट पिन. वरच्या शॅकललाही (दांडी हुकाला अडकवणाऱ्या यू-आकाराच्या कडीलाही) तसंच: रबर बुश हुकावर नीट बसवा, बोल्ट, नट, स्प्लिट पिन. पिनचे दोन्ही पाय विरुद्ध बाजूंना उघडून वाकवायचे. पिन म्हणजे सुपारीएवढी किंमत नसलेली वस्तू, पण हादऱ्याने नट सैल होऊन बाहेर यायला लागला की त्याला अडवणारं तिथे दुसरं काही नसतं. जुन्या पंख्याची वापरलेली पिन सरळ करून पुन्हा घालू नका, ती वाकाला तुटते. खिळा किंवा तारेचा तुकडा तर नकोच. दांडीवरचा आवळ स्क्रू शेवटपर्यंत घट्ट करा. पंख्याबरोबर स्टीलची सेफ्टी दोरी आली असेल तर ती वेगळ्या आधारात अडकवा, त्याच हुकात नाही.

वायर जोडताना कनेक्टर वापरा, नुसती पिळून टेप नको. उकाड्यात टेपचा गोंद सुटतो. वायरला थोडा सैल झोळ ठेवा, म्हणजे हादऱ्याने सांधा ओढला जात नाही. पाती सगळ्यात शेवटी, पंखा टांगून झाल्यावर.

पंखा लावला, पण हलतो. किंवा उलटा फिरतो.

हलत असेल तर आधी मेन बंद करून पात्यांचे स्क्रू बघा. मग एका पात्याच्या टोकापासून छतापर्यंत अंतर मोजा, पंखा हाताने फिरवून बाकीची दोन्ही पाती त्याच जागी आणून मोजा. चार-पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर पातं वाकलं आहे. तिन्ही पाती एकाच संचाची असतात, दुसऱ्या पंख्याचं एक पातं लावून भागत नाही. पाती ठीक असूनही हलत असेल तर वर हूक तपासा. नवा पंखा हलतोय म्हणून त्यावर सवयीने झोपू नका.

उलटा फिरत असेल तर कपॅसिटरची वायर चुकीच्या टोकाला गेली आहे. फेज-न्यूट्रल अदलाबदल करून दिशा बदलत नाही. नुसता घुमतोय आणि हाताने ढकलल्यावर फिरतो, तर कपॅसिटर गेला. साध्या पंख्याला बहुधा २.५ मायक्रोफॅरडचा लागतो. मेन बंद केल्यावरच बदला, आणि बंद केल्यावरही त्याच्या दोन्ही टोकांना एकदम बोट लावू नका.

पावसात पंख्याच्या वाटीतून पाणी ठिबकतंय.

पंखा चालू असेल तर त्याच्या स्विचला ओल्या हाताने हात लावू नका. सरळ मेन आणि इन्व्हर्टर बंद करा. स्लॅबमधलं पाणी वायरच्या पाइपातून वाट काढून पॉइंटवर येतं. दिव्याभोवती जुना तपकिरी गोल डाग असेल तर ते पूर्वीपासून येत आहे असं समजा. गळती बंद होऊन एक पाऊस कोरडा गेल्याशिवाय तिथे पंखा लावू नये.

गणपतीची माटवी (मूर्तीच्या वर फळं-डहाळे बांधून टांगलेली चौकट) त्याच हुकाला बांधली तर?

नारळ, काकड्या, तवशी, कवंडाळं, आंब्याचे डहाळे असं सगळं मिळून माटवीचं वजन पंख्याहून जास्त होतं, आणि खाली समई तेवत असते. माटवीला वेगळे आकडे हवेत. पंखा माटवीपासून इतका दूर असावा की वाऱ्याने समईची ज्योत पताकांकडे झुकणार नाही. मूर्तीच्या खोलीत पंखा लावायचा असेल तर जागा ठरवतानाच हे डोळ्यांपुढे आणा.

कायद्याने हे काम स्वतः करता येतं का?

१९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतल्या ४५ व्या नियमात दिवे, पंखे, फ्यूज, स्विच अशा वस्तू बदलण्याला सवलत होती, पण वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलणार नसेल तरच. बाकी सगळं काम परवानाधारक कंत्राटदाराकडून. आताच्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांतही हीच रेघ आहे. माझा त्याचा अर्थ असा: पंख्याच्या जागी पंखा तुम्ही बदलू शकता. नवी वायर ओढायची, अर्थिंग आणायचं, बोर्डात रेग्युलेटर घालायचा, तर परवाना असलेल्या वायरमनला बोलवा. दिव्याच्या जागी पंखा लावताना बहुतेक वेळा हे सगळंच लागतं. हूक तपासणं, उंची मोजणं, तुळई बघणं मात्र तुम्ही स्वतः आधीच करून ठेवू शकता, आणि वायरमनला ते दाखवा.

कोणाला शॉक लागला तर?

त्याला हात लावू नका. आधी मेन आणि इन्व्हर्टर बंद. तेवढा वेळ नसेल तर कोरड्या लाकडी काठीने वायर दूर करा. श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध जोराने आणि वेगाने दाबत राहा, दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगा. उठून बसला तरी दवाखान्यात न्या. हृदयाची लय नंतरही बिघडू शकते.

दिवा काढला, मग उजेडाचं काय?

हे बरेचजण पंखा लागल्यावर रात्री विचारतात. दिवा पात्यांच्या वर राहिला तर खोलीभर सावल्या नाचतात, वाचणाऱ्याचं डोकं दुखतं. पात्यांच्या पातळीखाली भिंतीवर एलईडी ट्यूब घ्या, आणि तिची वायर पंख्याच्या वायरबरोबर त्याच दिवशी ओढून घ्या.

लावल्यानंतर परत कधी तपासायचं?

पहिल्यांदा महिन्याभराने: बोल्ट, पिना, आवळ स्क्रू, पात्यांचे स्क्रू. नंतर दर वर्षी पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या साफसफाईत. वरची वाटी खाली ओढा, मेन बंद करून, आणि हूक, बुश, पिन बघा. रबर बुशला भेगा पडल्या असतील तर बदला. बुश गेला की लोखंड लोखंडावर घासतं आणि हूक झिजतो. मी वाटीच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख लिहून ठेवतो, पिन कधी घातली, बुश कधी बदलला. पुढच्या वर्षी चढणारा दुसरा कोणी असला तरी त्याला ती वाचता येते.